नर्सिंगच्या एका विषयात नापास झालात? पुढे शिकायचं की थांबायचं, हे ठरवण्याआधी

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत अडकणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. मी त्यांतलीच. नंतर तो पेपर निघाला, कोर्स संपला, रजिस्ट्रेशन झालं आणि आता मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रॅक्टिकल ड्यूटीला, येणारी मुलं-मुली औषधांच्या ट्रॉलीजवळ हळूच विचारतात, "सिस्टर, केटी (राहिलेला विषय) लागलीय. घरचे सोडून दे म्हणतायत. काय करू?" ड्यूटीवर उभ्या उभ्या जे सांगता येत नाही, ते इथे लिहिते आहे.

आधीच सांगून ठेवते, 'खचू नका, उठा, लढा' असं यात काही सापडणार नाही. काहींनी हा कोर्स सोडलेलाच बरा असतो. पण मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सोडला तो मार्कलिस्ट बघून, आणि तिथेच घोळ होतो. मार्कलिस्टवरून पेपर कसा गेला तेवढं कळतं. नर्स व्हायचं की नाही, याचा अंदाज वॉर्डात येतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा आणि खालच्या क्रमाने जा.

१. पहिल्या आठवड्यात कुठल्याही अर्जावर सही करू नका

निकालानंतर घरात दोनच आवाज असतात. एक, "बस झालं, घरी ये." दुसरा, "लोक काय म्हणतील, कर पूर्ण कसंही." दोन्हींना थोडं थांबवा. अ‍ॅडमिशन रद्द करायचा अर्ज पाच मिनिटांत लिहून होतो, तो मागे घेणं मात्र फार कठीण असतं. वडील किंवा मामा रागाच्या भरात कॉलेजात येणार असतील तर त्यांना नम्रपणे सांगा, "आठ दिवस द्या, नियम विचारून येते, मग बोलू."

या आठवड्यात फक्त एक काम थांबू शकत नाही, ते म्हणजे रीटोटलिंगची, म्हणजे मार्कांची बेरीज पुन्हा तपासून घेण्याची, तारीख. त्याबद्दल पुढे आहेच.

आणि रात्री झोप लागत नसेल, जगण्यातच अर्थ नाही असं वाटत असेल, तर ते एकट्याने सहन करू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हॉस्टेलवर असाल तर रूममेटला खरं काय ते सांगून ठेवा.

२. मार्कलिस्ट नीट वाचा: नेमकं काय राहिलं?

'नापास झालो' या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा पुढचा रस्ता वेगळा असतो.

परीक्षेला बसूच दिलं नाही, म्हणजे डिटेन झालात, तर प्रश्न हजेरीचा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते. शिवाय डिग्री हातात पडण्याआधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. आजारपणात बुडालेल्या ड्यूट्या 'नंतर बघू' म्हणून सोडून देऊ नका. त्या नंतर भराव्या लागतातच, तेही बॅचमधले बाकीचे सुट्टीवर असताना.

परीक्षा देऊन नापास असाल तर बघा: लेखी गेलं की प्रॅक्टिकल? पास व्हायला दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. लेखीत साधारणपणे इंटर्नलचे (कॉलेजातल्या परीक्षा-कामाचे) २५ आणि पेपरचे ७५ असे मार्क असतात, तेव्हा दोन्ही रकाने वेगळे तपासा. इंटर्नल दहा-अकरावर अडकले असतील तर गडबड परीक्षेच्या बरीच आधीची आहे.

यात एक सापळा आहे. ज्या विषयाला लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही असतात, उदाहरणार्थ नर्सिंग फाउंडेशन किंवा अ‍ॅडल्ट हेल्थ, त्यात एक गेलं तरी दोन्ही पुन्हा द्यावी लागतात. "प्रॅक्टिकल तर निघालंय" म्हणून प्रोसिजरचा सराव सोडून दिलेली मुलं पुढच्या वेळी नेमकी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडखळतात.

जोडपेपरही समजून घ्या. नव्या सेमिस्टर पद्धतीत अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मिळून एकच पेपर असतो. बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशनचा एक. चौथ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी आणि जेनेटिक्स मिळून एक. मार्कलिस्टवर आकडा एकच दिसतो, पण बुडवलेलं असतं त्यातल्या एका भागाने. तो कुठला, हे शोधल्याशिवाय पुढचा अभ्यास आखू नका.

ग्रेस मार्कांचंही विचारा. सगळे विषय सुटून फक्त एकच राहिला असेल आणि ग्रेसने तो सुटत असेल, तर लेखीला ५ पर्यंत मार्क देण्याची तरतूद कौन्सिलच्या नियमात आहे. बहुतेकदा ते निकालातच धरलेले असतात, तरी दोन-तीन मार्कांनी गेलं असेल तर ऑफिसात एकदा विचारायला काय जातं?

३. रीटोटलिंग आणि उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात, म्हणजे आपण ज्याला नाशिक युनिव्हर्सिटी म्हणतो तिथे, निकालानंतर ठरावीक दिवसांत यासाठी अर्ज करता येतो. मुदत छोटी असते. अर्ज कॉलेजमार्फत जातो, त्यामुळे शेवटच्या दिवशी दुपारी क्लार्ककडे गेलात आणि प्रिन्सिपल मॅडम मीटिंगला बाहेर असल्या, तर संपलंच.

रीटोटलिंगमध्ये पेपर नव्याने तपासत नाहीत. बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. त्यावर फार आशा लावू नका. फोटोकॉपी मात्र मागवाच, मार्क वाढोत न वाढोत. माझ्या फोटोकॉपीत नेफ्रॉनच्या दहा मार्कांच्या प्रश्नाला मी दोन पानं भरून लिहिलेलं होतं. आकृतीला मात्र नावं दिली होती फक्त तीन, आणि गाळण कशी होते ते सांगायच्या ऐवजी किडनी कुठे असते, केवढी असते, हेच तिनदा लिहिलं होतं. मार्क होते अडीच. घरी वाटत होतं 'पेपर चांगला गेला होता', ते का वाटत होतं हे त्या पानावर स्वच्छ दिसलं. विषयाच्या मॅडमसमोर अशी फोटोकॉपी ठेवून पंधरा मिनिटं बसलात तर एखाद्या क्लासपेक्षा जास्त मिळेल.

४. नियम कॉरिडॉरमध्ये विचारू नका, लेखी मिळवा

'वर्ष वाया गेलं' हे वाक्य बरेचदा चुकीचं असतं. तुमचा कोर्स कोणाच्या अखत्यारीत आहे, ते आधी पक्कं करा. मुंबईतली बहुतेक बी.एस्सी. नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेली आहेत. पण चर्चगेटजवळचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज एसएनडीटीचं आहे आणि नवी मुंबईत अभिमत विद्यापीठांची कॉलेजं आहेत. जीएनएम-एएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमा-सर्टिफिकेट कोर्सच्या परीक्षा वेगळ्या मंडळाच्या असतात. केईएमच्या कुणाला लागू असलेला नियम कामोठ्यातल्या मैत्रिणीला जसाच्या तसा लागू होईल, असं धरून चालू नका.

बी.एस्सी.साठी कौन्सिलने २०२१ साली जे सुधारित नियम आणले त्यांचा गाभा असा:

- एखादा विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, वर्गात आणि पोस्टिंगलाही जाता येतं.
- पाचव्या सेमिस्टरची परीक्षा देण्याआधी मागचं सगळं सुटलेलं हवं. तसंच सातव्याच्या आधी.
- एका विषयाला किती प्रयत्न करायचे यावर बंधन नाही, पण प्रवेशापासून जास्तीत जास्त ८ वर्षांत कोर्स संपायला हवा.

म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरचा एखादा विषय राहिला असेल तर तो सोडवायला हातात अजून संधी आहेत आणि बॅचबरोबर राहता येतं. चौथ्याचा राहिला असेल तर वेळ कमी आहे, तिथे खरोखर गाडी अडते. नापास तोच विषय, पण कुठल्या सेमिस्टरला, यावर निर्णय बदलतो.

ऑफिसात जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या: पुढची परीक्षा समर की विंटर, फॉर्म कधी भरायचा, उशीर झाला तर दंड किती, रिपीटर म्हणून कॉलेजची फी लागणार का, हॉस्टेल राहणार का, इंटर्नल सुधारता येतील का. उत्तरं तोंडी मिळाली तरी घरी येऊन त्याच दिवशी कॉलेजच्या ईमेलवर 'आज आपण सांगितल्याप्रमाणे' असं लिहून पाठवा. हे भांडणासाठी करायचं नाही. सहा महिन्यांनी क्लार्क बदललेला असतो, म्हणून करायचं.

सोबत ठेवायची कागदपत्रं: सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्ट, हॉल तिकीट, पीआरएन नंबर, फीच्या पावत्या, हजेरीचा गोषवारा, इंटर्नलचे मार्क, लॉगबुकच्या (वॉर्डात केलेल्या कामाच्या नोंदवहीच्या) सह्या झालेल्या पानांचे फोटो, आजारपण असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये एका फोल्डरात. लॉगबुक लोकलमध्ये विसरणारे मी पाहिलेत आणि त्या सह्या पुन्हा मिळवताना त्यांचे झालेले हालही.

५. का गेला? इथे जास्त वेळ द्या

'अभ्यास कमी पडला' हे उत्तर मला चालत नाही. कमी का पडला, ते सांगा.

*भाषा.* मराठी माध्यमातून आलेल्यांचं सर्वांत मोठं दुखणं हेच. वर्गात मॅडम अर्धं मराठीत समजावतात, डोक्यात शिरतं, आणि पेपरात इंग्रजी वाक्य जमत नाही. हा बुद्धीचा प्रश्न नाही आणि नर्सिंग जमणार नाही असंही यावरून ठरत नाही. छोटी छोटी वाक्यं लिहायची सवय करा. एका वाक्यात एकच गोष्ट. परिच्छेदाऐवजी मुद्दे. आकृती, तिला पेन्सिलने सरळ रेघा ओढून नावं. वैद्यकीय शब्द तोडून पाठ करा: नेफ्रो म्हणजे किडनी, हेपॅटो म्हणजे लिव्हर, शेवटी 'आयटिस' आलं की तिथे सूज. असे पन्नासेक तुकडे आले की अर्धी पुस्तकं आपोआप वाचता येतात.

*प्रवास.* मुंबईबाहेरच्यांना हे कळत नाही. वासिंद-आसनगावहून परळला मॉर्निंग ड्यूटीला यायचं म्हणजे पहाटे चारला उठायचं. ड्यूटी करून, लेक्चर करून, संध्याकाळच्या गर्दीत दादरला दोन गाड्या सोडून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. मग जेवण, आईला हातभार, आणि पुस्तक उघडलं की झोप. हाच दिनक्रम ठेवून 'आता जोमाने अभ्यास करते' म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आधी राहण्याचं बघा. हॉस्टेलमध्ये जागा, जवळचे नातेवाईक, दोघी-तिघींत मिळून खोली. वर्षभर जमत नसेल तर निदान परीक्षेआधीचे दोन महिने. ते शक्यच नसेल तर प्रवासातला अभ्यास ऐकायचा ठेवा: मॅडमच्या परवानगीने रेकॉर्ड केलेलं लेक्चर किंवा आपल्याच आवाजात वाचून ठेवलेली उत्तरं. उभं राहून वाचता येत नाही, ऐकता येतं.

*रात्रीची नोकरी.* फीसाठी काही जण रात्री छोट्या नर्सिंग होममध्ये काम करतात आणि सकाळी पोस्टिंगला येतात. गरज असते, मला मान्य आहे. पण तिथे तुम्हाला 'सिस्टर' म्हणून उभं करतात, इंजेक्शनं द्यायला लावतात आणि रजिस्ट्रेशन नसताना काही चुकलं तर मालक हात वर करतो. पार्टटाइम करायचंच असेल तर शिकवण्या घ्या, दुकानात बसा, बिलिंग काउंटर बघा. पेशंटच्या अंगाला हात लागेल असं काम नको.

*अभ्यासाची रीत.* बारावी सायन्सची सवय म्हणजे वाचत सुटायचं. इथे मागच्या पाच-सहा परीक्षांचे पेपर समोर ठेवून, घड्याळ लावून लिहायचं असतं. आणि पुस्तक वॉर्डात न्यायचं असतं. इंट्रामस्क्युलर इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागातच का देतात? कारण सायटिक नर्व्ह दुसऱ्या बाजूने जाते. हे एकदा पेशंटजवळ उभं राहून कळलं की ती नर्व्ह पुन्हा पाठ करावी लागत नाही. फार्मातली गणितंही तशीच. डॉक्टरांनी १२५ मिलिग्रॅम लिहिलंय, बाटलीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम आहे, तर किती काढायचं? अडीच मिली. रोज ट्रॉलीवरच्या दोन औषधांचं असं गणित मनातल्या मनात करा, मग खऱ्या डोसशी ताडून बघा.

*घरची अडचण.* आजारी आई, वडिलांची नोकरी गेलेली, लग्नाची बोलणी. यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण हे कारण असेल तर क्लास टीचरला निदान एकदा सांगा. ट्यूटर मॅडम कितीही कडक असल्या तरी पोस्टिंगच्या पाळीत थोडं मागेपुढे करणं त्यांच्या हातात असतं आणि न सांगता कोणालाच कळत नाही.

कारण यांपैकी एखादं असेल आणि त्यावर तुम्ही काही करू शकत असाल, तर केवळ एका पेपरासाठी कोर्स सोडू नका, असंच मी सांगेन. कारणच सापडत नसेल, 'मन लागत नाही' एवढंच असेल, तर पुढचा मुद्दा वाचा.

६. वॉर्डात तुम्ही कसे असता?

माझ्या मते निर्णय इथे होतो.

आमच्या मेडिसिन वॉर्डात एक मुलगी पोस्टिंगला होती, दोन विषय राहिलेली, सोडायच्या बेतात. डायबेटिसच्या एका आजींचं जेवण लांबलं होतं. ही बेडशीट बदलताना म्हणाली, "सिस्टर, आजी बडबडतायत ते नेहमीसारखं वाटत नाही. हात थंडगार आणि ओला लागतोय." ग्लुकोमीटर लावला तर शुगर ५० च्या खाली. तिला त्या क्षणी हायपोग्लायसेमियाची व्याख्या इंग्रजीत लिहिता आली नसती कदाचित. पण हाताला लागलेला घाम तिच्या लक्षात आला आणि तो तिने लगेच सांगितला. अशा मुलीला मी सोडू देणार नाही, भांडेन तिच्याशी.

उलटही पाहिलंय. एक मुलगा होता: उत्तम मार्क, सुरेख केअर प्लॅन, आणि ड्रेसिंगची वेळ आली की फाईल घेऊन काउंटरजवळ उभा. पहिल्या महिन्यात नव्हे, तिसऱ्या वर्षातही. त्याने पुढे हॉस्पिटलच्या ऑफिसकामाकडे वळायचं ठरवलं, आणि ते बरोबरच केलं.

सुरुवातीला चक्कर येणं, वासाने मळमळणं, पहिला मृत्यू बघून रात्रभर रडणं, याचा काही अर्थ काढू नका. ते जवळपास सगळ्यांचं होतं. स्वतःला विचारायचं ते असं: पेशंटने बेल मारली की पाय आपोआप वळतात का, की कोणी दुसरी जाईल म्हणून वाट बघता? बेडपॅन देताना त्या माणसाची लाज सांभाळायचं सुचतं का? हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची दिलेली माहिती, ऐकताना पुढे काय झालं असेल याची उत्सुकता असते का? ड्यूटी संपल्यावर फक्त पाय दुखतात, की दुसऱ्या दिवशीच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो? हा शेवटचा प्रकार महिनोन् महिने, वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या सिस्टरांबरोबर चालू असेल, तर तो गंभीरपणे घ्या. एकाच वॉर्डात, एकाच खडूस इन्चार्जच्या पाळीत होत असेल तर त्यावरून आयुष्याचा निर्णय करू नका. वॉर्ड बदलतो.

तुमच्याबरोबर काम केलेल्या एका स्टाफ नर्सला विचारा, "मी कशी काम करते?" मैत्रिणीला विचारू नका, ती छानच म्हणणार.

नोकरीचंही थोडं खरं बोलू. नाइट ड्यूटी, सणाच्या दिवशी ड्यूटी हे कायमचं आहे. खासगीत सुरुवातीचा पगार कमी असतो, सरकारी आणि महापालिकेच्या नोकरीशी त्याची तुलना होत नाही, आणि त्या जागांसाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. 'परदेशात जायचंय' एवढ्याच कारणाने नर्सिंगला आला असाल तर लक्षात ठेवा, तिथे जाऊनही बेडपॅन द्यावंच लागतं.

७. पैशाचा हिशेब कागदावर मांडा

आधी: पुन्हा परीक्षेची फी, प्रवास किंवा खोली, आणि कोर्स लांबला तर त्या महिन्यांचा खर्च. मग: सोडलात तर आजवर भरलेलं बुडणार ते, आणि नव्या कोर्सची पूर्ण फी. गेलेला पैसा परत येत नाही, म्हणून तो निर्णयात धरू नका. पुढे लागणार आहे तेवढाच मोजा. हे घरच्यांना पटवणं सर्वांत अवघड जातं.

महाडीबीटीची स्कॉलरशिप असेल तर नापास झाल्यावर तिचं नूतनीकरण होणार का, हे फॉर्म भरण्याआधी ऑफिसात विचारा. जुलै २०२४ मध्ये सरकारने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. ती तुम्हाला मिळत असेल तर रिपीट करताना तिचं काय होतं, हेही त्याच खेपेत विचारून घ्या. एज्युकेशन लोन असेल तर कोर्स लांबतोय हे बँकेला लेखी कळवा, नाहीतर जुन्या तारखेप्रमाणे हप्ते सुरू होतात.

८. चालू ठेवायचं ठरलं तर

परीक्षेच्या फॉर्मची तारीख मोबाईलवर तीन अलार्म लावून ठेवा. रिपीटरना कोणी आठवण करत नाही, कारण वर्गाच्या ग्रुपवर पुढच्या सेमिस्टरचीच चर्चा असते.

चालू सेमिस्टर सकाळी, राहिलेला विषय रात्री, असं रोज दोन्ही करणं फार थोड्यांना जमतं. मी रविवार आणि साप्ताहिक सुट्टी राहिलेल्या विषयाला बांधून टाकली होती, बाकी दिवशी त्याला हात लावत नसे. ज्युनिअर बॅच तोच विषय शिकत असेल तर मॅडमना विचारून मागच्या बाकावर बसा. लाज वाटते दोन दिवस.

'पेपर सोडवून देतो', 'आत ओळख आहे' म्हणणारे याच काळात भेटतात. तसेच 'अमुक राज्यात अ‍ॅडमिशन करून देतो, हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या' म्हणणारे एजंट. हजेरीशिवायची नर्सिंगची डिग्री कौन्सिलच्या नियमात बसत नाही, पुढे रजिस्ट्रेशनला लटकते, आणि समजा नाही लटकली, तरी व्हेन (शीर) सापडत नसलेल्या पेशंटसमोर उभं तुम्हालाच राहायचंय.

९. सोडायचं ठरलं तर

मग मान खाली घालून सोडू नका, कागद पूर्ण करून सोडा.

बी.एस्सी. सोडून जीएनएमला जायचा विचार बरेच जण करतात. जीएनएम ३ वर्षांचं आहे, आणि तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून, नव्या प्रवेश प्रक्रियेतून जावं लागतं. झालेले सेमिस्टर धरत नाहीत. भाषेमुळे अडकला असाल तर तीच पुस्तकं तिथेही समोर येणार, हे लक्षात घ्या. पुढे जीएनएमनंतरचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, ते २ वर्षांचं. हिशेब केला तर एका राहिलेल्या विषयापायी हा वळसा फार लांबचा पडतो.

पेशंटजवळ राहायचंय पण नर्सिंग नको, असं असेल तर लॅब, रेडिओलॉजी, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचे कोर्स बघा. नाशिकच्याच विद्यापीठाचा बीपीएमटी हा असाच पॅरामेडिकल डिग्री कोर्स आहे. कमवत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. स्टेशनबाहेरच्या फलकावरचा 'सहा महिन्यांत नर्स बना' मात्र सोडून द्या. त्याने महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशनशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

कॉलेजातून निघताना घ्यायचं: दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, डोमिसाईल, ट्रान्सफर सर्टिफिकेट, झालेल्या सेमिस्टरच्या मार्कलिस्ट, डिपॉझिट, नो-ड्यूज. मूळ कागद अडवून 'उरलेल्या वर्षांची फी भरा' म्हणणारी कॉलेजं अजूनही आहेत. यूजीसीने २०१८ सालीच मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नयेत असं बजावलेलं आहे. तोंडी वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या, आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर तीच प्रत जोडून विद्यापीठाकडे तक्रार करा.

दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. मायग्रेशनला वेळ लागतो. नव्या कोर्सची यादी लागायची वाट न बघता तो अर्ज कॉलेज सोडतानाच टाकून या.